पेटी हाय, खरं कुठं हाय?

हुक्केरीकर अण्णांबरोबर दूध आणायला निघालं, की घरी दही घेऊन यायची तयारी ठेवावी लागे. बेंगळुरातल्या एचएसआर लेआउटमधल्या आमच्या गेटापासून दुधाचं दुकान दोनशे पावलांवर. त्या दोनशे पावलांत दवाखाने, जिम, दोशाचे गाडे आणि पेइंग गेस्टवाले यांचे मिळून किमान चार हजार बोर्ड आहेत. (मी मोजलेले नाहीत. तुम्हीही मोजू नका, संपणार नाहीत.) अण्णा प्रत्येक बोर्डापुढं थांबत. मान तिरकी करत, एक डोळा मिटत आणि निकाल देत.

"नक्षी."

पुढचा बोर्ड. "ही बी नक्षीच."

क्वचित एखाद्या पंक्चरवाल्याच्या पत्र्यापुढं ते हात जोडून उभे राहत. "हा बोर्ड. धावत्या माणसाला वाचता आला, तर बोर्ड. न्हाईतर नक्षी."

अण्णा मूळचे बेळगावकडच्या हुक्केरीचे. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, आणि रागावले की दोन्ही एकदम. उभी नोकरी बसच्या वर्कशॉपात, बसगाड्यांच्या कपाळावरचे गावांचे बोर्ड रंगवण्यात गेली. शहराबाहेरच्या आनेकलची अख्खी जनता तीस वर्षं अण्णांच्या अक्षरावर विश्वास ठेवून घरी पोचली, असं मी सगळ्यांना सांगतो, आणि यात अतिशयोक्ती फारच थोडी आहे. पुढं दिव्यांचे बोर्ड आले, ब्रश वाळले, अण्णा रिटायर होऊन मुलाकडे आमच्या अपार्टमेंटात राहायला आले. पण पावसात, दोन पिशव्या घेऊन, एका पायावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईला आपलं अक्षर दिसेल का, ही काळजी काही त्यांच्या डोक्यातून गेली नाही.

त्यांच्या बोलण्यातली एक गंमत आधी सांगून ठेवतो, नाहीतर पुढं गोंधळ होईल. बेळगावकडे 'पण' म्हणत नाहीत, 'खरं' म्हणतात. 'जेवलो, खरं भूक हाय.' मी नागपूरचा. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, हा माणूस प्रत्येक वाक्यात शपथ का घेतो?

आमची रविवारी सकाळी क्लबहाऊसच्या हॉलमध्ये गाण्याची बैठक असे. बैठक म्हणजे तीन माणसं आणि एक लोड. गायला पुण्याचे साठेकाका, ताल धरायला अण्णा, आणि पेटी वाजवायला मी. म्हणजे पेटी वाजायची, मी तिच्या आड यायचो. लोड साठ्यांचा. लोडाला टेकल्याशिवाय त्यांना वरचा सूर लागत नसे, टेकल्यावरही लागत नसे. अण्णा आणि साठे यांचं भांडण हाच खरा कार्यक्रम.

"हुक्केरीकर, तुमची मराठी म्हणजे कन्नडला नेसवलेलं धोतर!"

"आणि तुमची म्हणजे नुसतंच धोतर. आत मानूसच न्हाई."

मग दोघंही हसत, मला चहा आणायला पाठवत आणि मी परत येईपर्यंत पुन्हा भांडत.

तर आमच्या असोसिएशननं एकदा एक मशीन घेतलं. एईडी म्हणतात. माणसाचं हृदय अचानक बंद पडलं, तर त्याच्या छातीवर मशीनच्या दोन पट्ट्या चिकटवायच्या. मशीन स्वतः तपासतं, गरज असेल तरच विजेचा झटका देतं, आणि काय करायचं ते मोठ्या आवाजात सांगतं. सगळं सांगतं. फक्त आपण कुठं आहोत, एवढं सांगत नाही. उद्घाटन झालं, फीत कापली, फोटो काढले. छाती कशी दाबायची ते एका नर्सबाईंनी रबरी पुतळ्यावर दाखवलं. अण्णा पहिल्या रांगेत होते. त्यांनी पुतळ्याची छाती इतकी मनापासून दाबली, की बाई म्हणाल्या, "पुरे आजोबा, तो वाचला." मग सगळे पोहे खायला गेले, आणि ती पेटी कुणीतरी कुठंतरी 'नीट' ठेवली.

त्यानंतरच्या पावसाळ्यातला एक रविवार. मला उशीर झाला होता. मी तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत चहाचा कप घेऊन उभा, आत हार्मोनियम खोळीत तयार. एवढ्यात खालून क्लबहाऊसच्या दारातून अण्णांची आरोळी आली:

"नागपूऽऽर! पेटी आण! पेटी! पळ!"

मी पळालो. आयुष्यात इतक्या वेगानं मी कधी जिना उतरलो नव्हतो. हार्मोनियम छातीशी कवटाळून तीन मजले उतरलो, आणि उतरताना मनात म्हणत होतो, आज म्हाताऱ्यांना गाण्याचा भलताच जोर आलाय.

हॉलमध्ये साठेकाका लोडाशेजारी आडवे पडले होते. अण्णा गुडघ्यांवर बसून त्यांची छाती दाबत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे.

हा किस्सा मी नंतर पुष्कळ ठिकाणी सांगितलाय. त्यात अण्णा मराठीत 'पेटी' म्हणाले म्हणून एक जण हार्मोनियम आणतो, कन्नडमध्ये 'पेट्टिगे' म्हणाले म्हणून झाडणारी बाई लाडवांचं खोकं आणते, आणि हिंदीत 'डिब्बा' म्हणाले म्हणून गेटवरचा सिक्युरिटी आपला जेवणाचा डबा आणतो. लोक हसतात. हसून झालं की गप्प होतात. तर आज सांगून टाकतो: खोकं आणि डबा मी जोडलेले आहेत. हार्मोनियम खरी आहे. आणि तो 'एक जण' मी आहे.

अ‍ॅम्ब्युलन्स आली. साठे गेले.

खरी पेटी मंगळवारी सापडली. योगाच्या क्लासवाल्या बायकांनी जिममधलं कपाट उघडलं, चटया बाहेर काढल्या, त्यांच्यामागं ती होती. हिरवा दिवा लुकलुकत, अगदी ठणठणीत. साठे पडले त्या जागेपासून वीस पावलं. अण्णांनी ती पावलं माझ्यादेखत मोजली. मग परत मोजली. तिसऱ्यांदा मोजायला निघाले तेव्हा मी त्यांचा हात धरला.

त्या संध्याकाळी माझ्या दाराची बेल वाजली. अण्णा हार्मोनियम घेऊन उभे होते. ती मी हॉलमध्येच टाकून आलो होतो, आणायला जायचं धाडस होत नव्हतं. त्यांनी ती चपलांच्या मांडणीवर ठेवली आणि धापा टाकत म्हणाले,

"मी पेटी म्हणालो, तू पेटी आनलीस. तुझं काय चुकलं? शब्द चुकला."

"अण्णा, मला समजायला हवं होतं."

"आरे, तुझ्या हातात पेटीच बसलेली. माझ्या तोंडात बी पेटीच आली. दुसरा शब्द हुता कुठं?" मग उंबऱ्यावर टेकून बसले. "दमलो बघ. स्वल्प पानी दे."

इथून पुढं अण्णांच्या तोंडी एकच वाक्य राहिलं. मॉल असो, बँक असो, लग्नाचा हॉल असो, आत शिरले की रिसेप्शनवर जाऊन विचारायचे, "हृदय बंद पडलं तर लावायची ती पेटी हाय?" समोरचा छाती फुगवून म्हणायचा, आहे की सर. मग अण्णा काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवायचे.

"पेटी हाय. खरं कुठं हाय?"

आणि तिथून पुढं समोरच्याची छाती हळूहळू खाली बसायची. एकदा ते माझ्या ऑफिसात आले. आमची पेटी एका खोलीत, खोलीला कार्डाचं कुलूप, कार्ड एका साहेबांकडे, साहेब रजेवर. अण्णांनी रिसेप्शनवरच्या मुलीला अगदी प्रेमानं विचारलं, "मग साहेब येईपर्यंत कुणी मरायचं न्हाई, असा नियम हाय काय?" ती म्हणाली, "सर, मी मेल टाकते." अण्णा म्हणाले, "टाक. मेलेल्याला बी सीसीत ठेव."

एका पोरानं त्यांना फोनवर नकाशा दाखवला. शहरातल्या सगळ्या पेट्या त्यात टिंबांनी दाखवलेल्या. अण्णा खूश झाले. मग आम्ही एका टिंबाच्या मागं निघालो. टिंब आम्हाला बारा मजली इमारतीपाशी घेऊन गेलं आणि तिथं गप्प बसलं. कुठल्या मजल्यावर, ते त्यालाही माहीत नव्हतं. सिक्युरिटी नवा होता. जुन्याला माहीत होतं, पण जुना गावाला गेला होता. त्या दिवशी फुटपाथच्या कठड्यावर बसून अण्णा म्हणाले, "माहिती मानसात ठेवली की मानसाबरोबर बदली हुती रे. भिंतीत ठेवाय पायजे."

मग नावाचा प्रश्न निघाला. 'पेटी' हा शब्द अण्णांनी आमच्या अपार्टमेंटपुरता रद्द केला. एईडी म्हणायला एरवी जीभ वळते, पण घाबरल्यावर वळत नाही. "बोंब मारता आली पायजे असं नाव सांग," ते म्हणाले. मी म्हटलं, झटका. लगेच प्रयोग झाला. अण्णा गेटावर उभे राहून ओरडले, "झटका! झटका आणा!" मराठी आणि हिंदीवाले धावत येऊन म्हणाले, कुणाला आला झटका? ए-ब्लॉकच्या नव्वदीच्या कन्नड अज्जींना ऐकू आलं 'जटका', म्हणजे घोड्याची गाडी. त्या कौतुकानं खिडकीत आल्या आणि विचारू लागल्या, बेंगळुरात जटका पुन्हा सुरू झाला का, मला मार्केटला जायचंय. त्या अजून अधूनमधून विचारतात.

"नाव ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. "बाण काढूया. बाणाला भाषा नसती."

आणि पंधरा वर्षं वाळलेला ब्रश त्यांनी टर्पेंटाइनमध्ये बुडवला.

आमच्या सेक्रेटरी मॅडम वाईट बाई नाहीत. फक्त त्यांना भिंती पांढऱ्या लागतात. पहिला हिरवा बाण लिफ्टजवळ उमटला तशी त्या खाली आल्या. "अंकल, क्लबहाऊस का पूरा लुक चला गया."

"मॅडम, लुक वापस आता है," अण्णा म्हणाले. "आदमी नहीं आता."

"लेकिन फ्लोअर पर भी?"

"गिरनेवाला फ्लोअर पे ही गिरता है ना."

चार मीटिंगा झाल्या. प्रत्येक मीटिंग एकेका युगाएवढी. पेटी कपाटातच बरी, चोरीला जाईल. बाण असावेत, पण फिक्या रंगाचे असावेत. असावेत, पण छोटे असावेत. शेवटच्या मीटिंगला अण्णा साठ्यांचा लोड बगलेत धरून आले, हॉलच्या मधोमध ठेवला आणि म्हणाले, "हा पडला. पेटी आना." आणि घड्याळ बघत बसले. वीस शिकलेली माणसं उठली. कुणी ऑफिसकडे, कुणी जिमकडे, कुणी एकमेकांकडे. किल्ली शोधण्यात जो वेळ गेला त्यात लोड तीनदा मेला असता. पेटी आली तेव्हा अण्णांनी लोडावर हळूच पांढरा टॉवेल ओढला. मॅडमनी त्या टॉवेलकडे बघितलं. मग म्हणाल्या, "कपाट का लॉक निकालो."

पेटी लिफ्टजवळ भिंतीवर आली. काचेत, बिनकुलपाची. बाण आले, गेट आणि पार्किंगपासून गच्चीपर्यंत. अण्णांचा नियम एकच होता: एका बाणापाशी उभं राहिलं की दुसरा दिसला पाहिजे. वय, गुडघे आणि सून यांचा विरोध पत्करून ते दोन महिने जमिनीवर पालथे पडून रंगवत होते. मॅडम जाता-येता म्हणत, "अंकल, आपका हुक्केरी कहाँ तक पहुँचा?" सिक्युरिटीवाल्यांनी ते उचललं. पेटीला ते 'हुक्केरी'च म्हणू लागले. अण्णांना आवडलं नाही. "मी जित्ता हाय अजून," म्हणाले.

पुढं दर महिन्याला लोड कुठंतरी पडायचा. कधी पोहण्याच्या तलावाजवळ, कधी गच्चीवर. सिक्युरिटी दर दोन-तीन महिन्यांनी बदलायची, आणि अण्णा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. तीच छाती दाबणं, तेच बाण. मी एकदा म्हटलं, कंटाळा नाही येत?

"येतो की. लई येतो." लोडाची धूळ झटकत ते म्हणाले. "खरं बोर्ड एकदा रंगवून भागतंय काय? ऊन लागतं, पाऊस लागतो. परत हात मारावा लागतो."

आणि मग एका मंगळवारी दुपारी सामान पोचवायला आलेला एक माणूस खालच्या पार्किंगमध्ये पडला. लोड पडला नव्हता, माणूस पडला होता. सिक्युरिटी छाती दाबायला बसला आणि ओरडला, "हुक्केरी! हुक्केरी!" झाडणारी मंजुळाक्का हातातला झाडू टाकून पळाली. तिला कुठलीच लिपी वाचता येत नाही. ती बाणामागून बाण पळत गेली.

अण्णा तेव्हा बागेतल्या बाकावर गुडघ्याला तेल चोळत बसले होते. त्यांना वाटलं, आपल्यालाच हाक मारतायत. ते लंगडत धावले. पार्किंगमध्ये एका बाजूनं हुक्केरी आली आणि दुसऱ्या बाजूनं हुक्केरीकर. पेटी आधी पोचली होती. मशीन बोललं, सगळे हात काढून मागं सरले, झटका बसला, पुन्हा छाती दाबणं सुरू झालं. अ‍ॅम्ब्युलन्स यायच्या आधी त्या माणसानं श्वास घेतला. घेतला म्हणजे असा घेतला, की पार्किंगमधल्या गाड्यांचे अलार्म वाजले. बरं, अलार्म मी जोडले. श्वास खरा.

अण्णांनी कुणाचं अभिनंदन स्वीकारलं नाही. मला घेऊन सिक्युरिटीच्या खोलीत जाऊन कॅमेऱ्याचं चित्र मागं फिरवायला लावलं आणि मनगटावरचं घड्याळ धरून बसले. माणूस पडल्यापासून पट्ट्या चिकटेपर्यंत अडीच मिनिटं. परत बघितलं. परत अडीच मिनिटं. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"साठ्याला बी एवढंच पुरलं असतं रे," ते म्हणाले.

तो माणूस दोन महिन्यांनी आला. बारीक झाला होता. पेटीपुढं उभा राहून काचेला हात लावून नमस्कार केला. अण्णा शेजारीच होते, बाणावर दुसरा हात मारत. त्यांनी ओळख दिली नाही. एवढंच विचारलं, घर कुठं? तो म्हणाला, आनेकल. अण्णा माझ्याकडे वळले. थकलेल्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"बघ. आनेकलच्या लोकांना घरी पोचवायचं काम काय माझं सुटत न्हाई."

यंदा उन्हाळ्यात त्यांच्या मुलाची परदेशी बदली झाली आणि अण्णा के. आर. पुरमला लेकीकडे निघाले. बाहेरच्यांना वाटेल, एकाच शहरात तर आहे. इथल्या ट्रॅफिकमध्ये एचएसआर ते के. आर. पुरम म्हणजे परराष्ट्र, फक्त व्हिसा लागत नाही. सामान थोडं होतं. टेम्पोत ते ड्रायव्हरशेजारी बसले, मांडीवर साठ्यांचा लोड.

"लेकीच्या बिल्डिंगीत पेटी हाय म्हणं," ते मला म्हणाले.

"खरं कुठं हाय?" मी म्हणालो.

ते हसले नाहीत. "त्येच. परत पहिल्यापासनं आलं." त्यांनी डोळे मिटून मान मागं टेकली. मला वाटलं, झोप लागली. टेम्पो सुरू झाला, गेटाबाहेर वळला आणि आमच्या लाडक्या ट्रॅफिकमध्ये दहा पावलांवर अडकला. काचेतून हात बाहेर आला, मागोमाग डोकं.

"ओ नागपूर! गेटवर नवा सिक्युरिटी आलाय. इचारलंस काय त्याला?"

मी विचारलं नव्हतं. मी गेटाकडे गेलो. ओडिशाचा माणूस, कालच रुजू झालेला, गणवेशाच्या घड्याही मोडल्या नव्हत्या.

"हुक्केरी किधर है?" मी विचारलं.

त्यानं आधी बाहेरच्या टेम्पोकडे हात दाखवला. मग माझा चेहरा बघून तो हात सावकाश वळवला आणि खाली, जमिनीवरच्या हिरव्या बाणाकडे नेला.

मी रस्त्याकडे वळून अण्णांना अंगठा दाखवला. त्यांनी मान तिरकी केली, एक डोळा मिटला आणि त्या मुंगीच्या गतीनं सरकणाऱ्या टेम्पोतून आपला बाण रस्त्यावरून वाचता येतो का, ते बघत राहिले.